गोल मोडला कोणी?

दरवर्षी जानेवारी उजाडला की आपल्याकडे पानिपताची आठवण निघते. व्याख्याने होतात, शाळांतून भाषणस्पर्धा होतात, आणि तिळगुळाच्या वाटीबरोबर एक ठरीव वाक्य घरोघर फिरते : भाऊसाहेबांनी शिवछत्रपतींचा गनिमी कावा टाकला, फिरंग्यांचा गोल उसना घेतला, म्हणून मराठ्यांचा घात झाला. हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते इतके गुळगुळीत झाले आहे की त्याला पुरावा मागण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. आम्हांला मात्र ते मान्य नाही. ते चुकीचे आहे एवढीच आमची तक्रार असती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. इतिहासातल्या चुकीच्या समजुती काय थोड्या आहेत? पण या वाक्याच्या पोटात एक अन्याय दडलेला आहे, आणि तो ज्यांच्यावर झाला त्यांची बाजू मांडायला अडीचशे वर्षांहून अधिक काळ कोणी पुढे आलेले दिसत नाही. ती माणसे म्हणजे पायी लढणारी माणसे.

प्रथम गोल म्हणजे काय ते पाहू. कारण गोलाला नावे ठेवणाऱ्या पुष्कळांना तो नेमका कशासाठी बांधीत हेच ठाऊक नसते. त्या काळची बंदूक नळीच्या तोंडातून ठासायची. चांगला तयार शिपाई मिनिटाला दोन किंवा फार तर तीन बार काढी, आणि शंभर पावलांपलीकडे त्याच्या नेमाचा भरवसा नसे. आता भरधाव घोडा ही शंभर पावले दहा-बारा सेकंदांत कापतो. म्हणजे घोडदळ अंगावर आले की पायदळाला एक फैर मिळते. दुसरी ठासायच्या आत भाल्याचे टोक छातीशी. शिवाय बंदूकवाला समोर पाहून उभा असतो, आणि स्वार काही समोरूनच येईल अशी शपथ घेऊन आलेला नसतो. तो बगलेवरून येतो, पाठीमागून येतो. रांग कितीही शूर असली तरी तिला दोन टोके असतात आणि एक पाठ असते, आणि तिचा नाश तिथूनच होतो.

यावर जगभरच्या सेनापतींनी एकच तोड काढली, ती म्हणजे रांगेची टोके एकमेकांना जोडून टाकायची. चार बाजूंचा चौकोन करायचा, चारही बाजूंनी तोंडे बाहेर, आत मोकळी जागा. त्या जागेत दारूगोळा, जखमी, निशाण आणि सेनापती. पुढच्या रांगेने गुडघा टेकून संगीन तिरपी रोवायची, मागच्यांनी तिच्यावरून पाळीपाळीने फैरी झाडायच्या, सगळ्यांच्या बंदुका एकाच वेळी रिकाम्या होऊ द्यायच्या नाहीत. घोडा मुका असला तरी वेडा नसतो. संगिनींच्या कुंपणावर तो स्वतः होऊन उडी घेत नाही. तो वळतो, आणि वळताना त्याची कूस गोळीच्या तोंडी येते. मराठीत या रचनेला गोल म्हणत. नाव गोल, आकार बहुधा चौकोनी; पण ते असो. तिच्यात दोष दोन. ती हळू चालते, आणि दाटीवाटीने उभी असल्याने तोफेचा एक गोळा तिच्यात दहा बळी घेतो. आणि तिची एक अट आहे, जिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल : एकाही माणसाने जागा सोडता कामा नये. शत्रू पळू लागला, विजय डोळ्यांसमोर दिसू लागला, तरीही नाही.

भाऊसाहेबांना हा गोल कोणा फिरंग्याने पढवला असे म्हणणाऱ्यांनी पानिपताच्या आदल्या वर्षाकडे पाहावे. १७६० च्या प्रारंभी उदगीरच्या मोहिमेत निजामाचे सैन्य तोफा भोवती घालून गोल बांधूनच धारूरच्या रोखाने सरकत होते, आणि ३ फेब्रुवारीला औशाजवळ तो गोल मराठ्यांनीच फोडला. साठ लाखांचा मुलूख त्या विजयात मिळाला. म्हणजे गोल कसा चालतो, कुठे कच्चा राहतो, कसा फुटतो, हे भाऊसाहेबांनी शत्रूच्या बाजूने डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या पदरी आलेला इब्राहिमखान गारदी हैदराबादेकडच्या फ्रेंच बुसीच्या कवायतीत तयार झालेला होता, आणि उदगीरच्या यशात त्याच्या पलटणींचा व तोफांचा वाटा मोठा होता. जे हत्यार आदल्याच वर्षी जिंकून देते ते सेनापतीने पुढच्या मोहिमेत बरोबर नेले, यात मतिभ्रम तो कोणता?

आता गनिमी काव्याचे म्हणणे. मल्हारराव होळकरांसारख्या जाणत्या सरदाराचा कल तिकडे होता हे खरे, आणि मल्हाररावांच्या अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही. कुटुंबकबिला आणि जड तोफा मागे ठेवून सडे राहावे, हा सल्ला मोहीम सुरू होताना मोलाचा होता. परंतु सल्ल्याला वेळ असते. १७६० च्या नोव्हेंबरात पानिपताला खंदक खणून छावणी बसली, रसद तुटली, यात्रेकरू, बायका-मुले, व्यापारी, नोकरचाकर असा लढणाऱ्यांहून कितीतरी मोठा जमाव त्या खंदकाच्या आत अडकला. घोड्यांना दाणा नव्हता. जनावरे तडफडून मरत होती. या स्थितीत जानेवारीत कावा करायचा म्हणजे काय करायचे? ज्यांच्या घोड्यांत चार कोस दौडण्याचे त्राण उरले नव्हते त्यांनी दौडीची लढाई कशी खेळायची? आणि सडी फौज निघून गेली असती तर खंदकातल्या त्या जमावाचे काय झाले असते, हे बोलायला काव्याचे कैवारी तयार नसतात.

काव्याला भूमी लागते. आपण इथे अनमोडच्या घाटमाथ्यावर राहणारी माणसे आहोत; खिंड म्हणजे काय, दाट रान म्हणजे काय, पावसात बंद पडलेली वाट म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १६६१ साली उंबरखिंडीत महाराजांनी कारतलबखानाला कोंडले ते अशा मुलखात. पानिपताला डोंगर नाही, दरी नाही, मागे हटून शिरायला किल्ला नाही, भाकर देणारे ओळखीचे गाव नाही. सपाट मैदान, आणि त्यावर ताज्या दमाचा, थंडीला सरावलेला अफगाण स्वार. खरे सांगायचे तर पानिपताला कावा झालाच. तो अब्दालीने आपल्यावर केला. शत्रूची रसद मारायला नेमलेले वृद्ध गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये अफगाण स्वारांच्या अचानक छाप्यात मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर छावणीची धान्याची आशा गेली. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. यानंतर उरलेला मार्ग एकच होता : मधे बुणगे घ्यावेत, भोवती फौज ठेवावी आणि लढत लढत यमुनेच्या व दिल्लीच्या दिशेने सरकावे. याचेच नाव गोल. भुकेल्या सेनापतीने हजारो निराधार माणसांना टाकून न जाता त्यांना मधोमध घेऊन निघण्याचे ठरवले, या निर्णयाला मूर्खपणा म्हणणारांशी आमचे भांडण आहे.

१४ जानेवारी १७६१. डाव्या बाजूला इब्राहिमखानाचे गारदी, त्यांच्या जवळ दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर; मध्यभागी हुजुरात घेऊन भाऊसाहेब आणि विश्वासराव; उजवीकडे शिंदे-होळकर. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित त्या दिवशी शत्रूच्या गोटातून हे पाहत होता, आणि त्याने लिहून ठेवलेल्या हकिकतीत एक प्रसंग आहे ज्याच्याकडे आमच्या वक्त्यांचे लक्ष क्वचितच जाते. लढाईला तोंड लागण्यापूर्वी इब्राहिमखान भाऊसाहेबांपाशी आला आणि त्याने सांगितले की माझ्या माणसांच्या नियमित पगाराचा मी आग्रह धरत आलो म्हणून आपण माझ्यावर रुष्ट होता. तो पगार फुकट गेला नाही हे आज दिसेल. मग त्याने दोन पलटणी बगल सांभाळायला तिरप्या वळवल्या आणि उरलेल्या सात घेऊन संगिनी रोखून तो रोहिल्यांवर चालून गेला. रोहिल्यांची त्या प्रहरात जी कत्तल झाली ती त्या दिवसातली मराठ्यांची सर्वांत मोठी कमाई होती. गारद्यांच्या बहुतेक पलटणी त्यातच खपल्या. इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला.

मग गोल मोडला तो कुठे? मराठी बखरी आणि परंपरा सांगते की गारद्यांच्या माऱ्याने रोहिले ढासळू लागलेले दिसताच विंचूरकर आणि गायकवाड यांच्या पथकांना धीर धरवेना. विजयाचे श्रेय पायदळाला जाते आहे हे पाहून त्यांनी घोडी पुढे घातली, गारद्यांच्या बंदुकांसमोर आपलेच स्वार आले, मारा थांबला, आणि रचनेत खिंडार पडले. या हकिकतीतले बारकावे कोणी वादाचे ठरवोत. दमाजी गायकवाड त्या ठिकाणी जखमी होईपर्यंत लढले, तेव्हा त्यांच्या शौर्याला बट्टा लावण्याचा आमचा हेतू नाही. पण परंपरेने दोष कुठे ठेवला आहे ते पाहा. तो गोलावर ठेवलेला नाही, गारद्यांवर ठेवलेला नाही. ज्यांनी जागा सोडली त्यांच्यावर ठेवला आहे. आमची जुनी माणसे आमच्या आजच्या वक्त्यांपेक्षा लढाई अधिक समजत होती.

आणि या माणसांनी जागा का सोडली हा खरा प्रश्न. भित्रेपणाने नव्हे, उलट. घोड्यावर बसलेल्या माणसाला चालणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हा अपमान वाटत होता. सरदाराचे पोट सरंजामावर, त्याची इभ्रत स्वतःच्या पथकावर, त्याचा पराक्रम स्वतःच्या निशाणाखाली. गारदी हा महिन्याच्या महिन्याला रोख पगार मागणारा चाकर. छावणीत उपासमार चालू असताना इब्राहिमखान माणसांच्या पगारासाठी अडून बसतो याचा सरदारांना राग येई. त्याच माणसाच्या फैरीकडे पाहत स्वस्थ बसा, तो थांबेल तिथे थांबा, तो सरकेल तेव्हा सरका, असे त्यांना सांगितले गेले. गोलाची जी अट वर सांगितली ती इथे मोडली. एकाच सैन्यात दोन सैन्ये होती, आणि एकाला दुसऱ्याची लाज वाटत होती.

एक दोष मात्र आम्ही भाऊसाहेबांच्या योजनेचाही दाखवू, म्हणजे आम्ही आंधळी वकिली करतो असे कोणी म्हणू नये. पानिपताचा गोल फार मोठा होता. गोलाची ताकद त्याच्या प्रत्येक बाजूला आग ओकता येते यात असते. इथे कोसभराहून लांब पसरलेल्या फौजेत कवायती बंदुका एका टोकाला, आणि बाकीच्या बाजूंना भालेतलवारींचे स्वार, जे उभे राहून लढण्यासाठी तयारच केलेले नव्हते. पानिपतानंतर नऊच वर्षांनी, १७७० साली, कागुल येथे रशियाच्या रुम्यांत्सेफने तुर्कांच्या अफाट घोडदळाशी गाठ घातली तेव्हा त्याने एक मोठा गोल न बांधता पाच वेगवेगळे गोल बांधले. त्यांतला एक जानिसारींनी फोडला, पण शेजारच्यांनी तो सावरला आणि दिवस जिंकला. १७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तमध्ये पिरॅमिडांच्या लढाईत हेच केले : प्रत्येक तुकडीचा स्वतंत्र चौकोन, कोपऱ्यांवर तोफा, मध्ये सामानसुमान, आणि मामलुकांचे देखणे घोडदळ त्यांच्यावर आपटून संपले. तेव्हा टीका करायचीच तर एवढी करावी की गोल एक होता, अनेक हवे होते. कवायती पलटणी नऊ होत्या, तीस हव्या होत्या. पण ही टीका गोलाविरुद्धची नव्हे. ती गोल अपुरा होता याची आहे.

आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी पानिपताहून तीस वर्षे पुढे यावे. महादजी शिंदे स्वतः पानिपतातून पायाला जन्माची जखम घेऊन परतले होते. त्या माणसाने पानिपताचा धडा काय घेतला? पायदळ नको, असा? त्यांनी १७८४ च्या सुमारास सॅव्हॉयच्या द बॉयन्याला ठेवून कवायती पलटणी उभारायला घेतल्या, आणि त्यांच्या पगारासाठी अलीगढच्या बाजूचा मुलूख तोडून दिला, म्हणजे महिन्याचा पैसा कोणाच्या मर्जीवर राहू नये. १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्याला या पलटणींची गाठ राठोडांशी पडली. राठोड म्हणजे त्या काळी हिंदुस्थानातले घोडदळ म्हटले की ज्यांचे नाव प्रथम निघावे असे स्वार. रोहां नावाचा एक फ्रेंच अंमलदार हुकमाविना आपल्या पलटणी घेऊन पुढे धावला, रचना विस्कटली, आणि राठोड केशरी बाणा करून तुटून पडले. अगदी पानिपताचाच प्रसंग! फरक एवढाच की या खेपेला द बॉयन्याने क्षणाचा विलंब न लावता पलटणींचा पोकळ चौकोन बांधला आणि तो बांधला गेला. राठोडांनी चारही बाजूंनी पुन्हा पुन्हा धडका दिल्या. जे शौर्य त्यांनी दाखवले त्याला तोड नव्हती. पण गोल फुटला नाही. पहिला प्रहर उलटता उलटता लढाई आटोपली होती. मराठ्यांच्या निशाणाखाली, मराठ्यांच्या पगारावर उभा असलेला हा गोल आपल्या व्याख्यानांतून कोठे असतो? पानिपताच्या फसलेल्या गोलाला वर्षाचा एक दिवस, आणि मेडत्याच्या यशस्वी गोलाला एक ओळही नाही.

काव्याचे अभिमानी इथे यशवंतराव होळकरांचे नाव काढतील, आणि त्यांनी ते काढावे. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतरावांनी कर्नल मॉन्सनची फौज मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पिटाळत नेली ही आपल्या इतिहासातली दिमाखाची गोष्ट आहे. पण ती नीट वाचावी. मॉन्सनचा नाश चिखलाने, चढलेल्या नद्यांनी, उपासमारीने आणि तोफा टाकाव्या लागल्याने केला. अखेरच्या मजला त्याच्या उरल्यासुरल्या माणसांनी लांबट गोल बांधूनच काटल्या, आणि भोवती घिरट्या घालणारे हजारो स्वार तो गोल सरळ हल्ल्याने फोडू शकले नाहीत. शिवाय यशवंतरावांच्या स्वतःच्या पदरी पलटणी आणि तोफा होत्याच. नुसत्या घोड्यावर त्यांचाही भरवसा नव्हता.

दुसरा दाखला आपल्याच परिसरातून देता येतो. १८०० साली आर्थर वेलस्ली धोंडिया वाघाच्या पाठलागावर या बाजूला उतरला होता. आपल्या शेजारच्या हल्याळला त्याचे ठाणे होते. त्याच साली ३० जूनला धोंडियाने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना कित्तूरजवळ, कूच चालू असताना गाठून ठार केले. कुचात लांबलेली, पांगलेली फौज काय भोगते याचे उदाहरण हवे असेल तर इथून काही कोसांवर ते आहे. वेलस्ली तीन वर्षांनी असईला शिंद्यांच्या फौजेपुढे उभा राहिला. २३ सप्टेंबर १८०३ च्या त्या दुपारी त्याची ७४ वी गोरी पलटण असई गावाच्या तोफांखाली सापडली, वर शिंद्यांचे स्वार तिच्यावर कोसळले. तेव्हा तिच्यातल्या उरलेल्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांची प्रेते रचून त्यांच्या आडोशाला गोल बांधला आणि इंग्रजी घोडदळ मदतीला येईपर्यंत तग धरला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला याच वेलस्लीच्या गोलांवर फ्रेंच घोडदळाच्या लाटांवर लाटा फुटल्या आणि एकही गोल मोडला नाही. कोणाही इंग्रजाला तेव्हा आपल्या माणसांनी घोड्यावर बसून मर्दुमकी गाजवायचे सोडून जमिनीवर गुडघे टेकले याची शरम वाटली नाही.

१८०३ मध्ये मग शिंद्यांच्या पलटणी का हरल्या, हे विचारले जाईल. उत्तर कडू आहे. पलटणी आपल्या होत्या, अंमलदार परके होते. युद्ध पुकारताच इंग्रज अंमलदार निघून गेले. द बॉयन्याच्या जागी आलेला पेरॉ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तरीसुद्धा १ नोव्हेंबरला लासवारीला त्याच पोरक्या पलटणी आपल्या तोफांना चिकटून अशा लढल्या की जिंकणाऱ्या लेकलाही त्यांच्या पराक्रमाची कबुली द्यावी लागली. गोल उभा करायला आपण शिकलो, गोलात उभे राहायलाही शिकलो. गोलाला हुकूम देणारा माणूस घरचा तयार करायचे तेवढे राहून गेले. का राहिले? सरदाराच्या मुलाने पलटणीत पायी चालणे, हजेरी देणे, दुसऱ्याच्या हुकमाने पाऊल उचलणे हे घराण्याला कमीपणा आणणारे वाटत होते म्हणून. १७६१ चाच रोग! आणि १८१७ च्या ५ नोव्हेंबरला खडकीला बापू गोखल्यांनी, त्या कित्तूरजवळ पडलेल्या धोंडोपंतांच्या पुतण्याने, इंग्रजांच्या पायदळावर पुन्हा घोडीच घातली. पुढे दलदल लागली, घोडी रुतली, आणि थांबलेल्या स्वारांवर फैरी झडल्या. बापू पुढच्याच फेब्रुवारीत आष्टीला लढता लढता पडले. त्यांच्या शौर्याबद्दल आम्हांला एक अक्षर बोलायचे नाही.

सर्वांत मोठा गैरसमज तर पुढेच आहे. पायी चालणारा, रोख पगारावर राहणारा, हुकमाने लढणारा शिपाई ही परकी कल्पना, असे गृहीत धरले जाते. सभासदाची बखर उघडावी. शिवछत्रपतींच्या फौजेत मावळे आणि हशम पायी होते. त्यांच्यावर नाईक, त्यावर हवालदार, त्यावर जुमलेदार, त्यावर हजारी अशी बांधीव उतरंड होती. चाकराला रोख वेतन द्यावे, वतन तोडून देऊ नये, हा महाराजांचा दंडक होता. घोड्यांतही बारगीर सरकारी घोड्यावर बसे, आणि त्याला शिलेदारापेक्षा अधिक भरवशाचा मानीत. किल्ल्यांवरच्या, घाटांतल्या, रात्रीच्या ज्या लढायांना आपण गनिमी कावा म्हणून मिरवतो त्या बहुतांशी पायउतार माणसांनी जिंकलेल्या आहेत. दक्षिण कोकणचा हेटकरी, म्हणजे आपल्या घाटाखालचाच माणूस, बंदुकीच्या नेमासाठी नावाजलेला होता. तेव्हा शिवशाहीच्या रीतीला अधिक जवळचा कोण : महिन्याचा पगार घेऊन नेमल्या जागी मरणारा इब्राहिमखानाचा गारदी, की सरंजामाच्या तोऱ्यात रांग सोडून धावणारा सरदार? ज्यांना परंपरेचा पुळका आहे त्यांनी याचे उत्तर द्यावे.

उत्तर द्यायचे सोडून आपण काय केले? गारदी ही शिवी करून टाकली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात झाला, तो करणारे पहाऱ्यावरचे गारदी होते हे खरे, आणि त्या पातकाला क्षमा नाही. पण त्या कटाचे धनी घोड्यापालखीतून फिरणारे होते. ती जात निर्दोष राहिली आणि भाषेत बदनाम झाला तो पायाने चालणारा. दुसरा शब्द बुणगे. पानिपताच्या खंदकात उपाशी बसलेल्या, गोलाच्या मधोमध चाललेल्या आणि संध्याकाळी कापल्या गेलेल्या त्या माणसांचे नाव आपण आज क्षुद्र, निरुपयोगी लोकांना उद्देशून वापरतो. आमच्या कानाला हा शब्द दर वेळी खटकतो. रामनगरच्या वाचकांच्या कानाला तर तो अधिकच खटकायला हवा. काळी नदीवर धरण झाले, सुपे पाण्याखाली गेले आणि तिथली कित्येक घराणी इथे येऊन वसली. त्या वेळी देव्हाऱ्यातले देव, पाट्यावरवंटा, म्हातारी माणसे आणि दावणीची गुरे मध्ये घेऊन जे निघाले, ते त्या दिवशी सरदार होते का? त्यांच्याभोवती निदान तलवारी फिरत नव्हत्या. पण लढता न येणारी माणसे मध्ये घेऊन हळूहळू सरकणाऱ्या काफिल्याला जो कोणी मूर्ख म्हणेल त्याच्याशी या गावाने तरी हुज्जत घातली पाहिजे.

आणि आपल्या वंशावळी! आम्ही या भागातल्या कितीतरी घरी बसून त्या ऐकल्या आहेत. प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष घोड्यावर. कोणी पाच घोडी घेऊन आला, कोणी पन्नास. हशम म्हणून आलेला, हेटकरी म्हणून आलेला, गारद्यांत नाव नोंदवलेला, लष्कराबरोबर धान्याचे बैल हाकत आलेला असा एकही पूर्वज आम्हांला अजून भेटलेला नाही. पायदळात इतकी माणसे होती, तळावर त्याहून जास्त होती. मग त्यांचे वंशज गेले कोठे? ते आपणच आहोत, फक्त आपल्या आज्यापणज्यांनी वंशावळ सांगताना त्यांना घोडे बक्षीस दिले.

आपल्या मंडळाच्या जानेवारीतल्या कार्यक्रमाविषयी आमची सूचना साधी आहे. पुढच्या वर्षी पानिपतावर व्याख्यान ठेवावे, अवश्य ठेवावे. पण वक्त्याला विषय मेडत्याचा द्यावा, आणि वेळ उरल्यास लासवारीचा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ हे पुस्तक निदान एका सभासदाने त्यापूर्वी वाचून यावे, मग त्यातल्या मतांशी त्याने खुशाल भांडावे. इब्राहिमखानाचे नाव ‘मुसलमान असूनही’ या शेपटाशिवाय घ्यावे. तो पगार घेत होता आणि त्याने चाकरी केली, यापेक्षा निराळे प्रशस्तिपत्र त्याला नको आहे. आणि ज्यांच्या घरी पेटाऱ्यात जुने मोडी कागद अजून वाळवीतून वाचले असतील त्यांनी सनदा आणि वतनपत्रे बाजूला ठेवून एखादा हजेरीपट निघतो का ते पाहावे. घोडी किती, याचा रकाना सर्वांनी वाचलेला असतो. त्याच्या शेजारी पायउतार माणसांचा रकाना असतो, नावानिशी, महिन्याच्या पगारासह. तो वाचून दाखवायला कोणी पुढे आले तर या पत्रिकेची पुढील अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवू.